तुम्ही विचारलंत म्हणून : स्कॅनरचा आवाज इंटरनेटवर कसा सोडतात?

पेनसिल्व्हेनियातील आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) अग्निशमन दलाचा बिनतारी संवाद मी स्कॅनरवर, म्हणजे एकामागून एक वाहिन्या तपासत ऐकणाऱ्या रेडिओवर, पकडून इंटरनेटवर चोवीस तास ऐकता येईल असा ठेवतो, हे कळले की इकडची मराठी मंडळी आणि पुण्याचे नातेवाईक साधारण तेच दोन प्रश्न विचारतात : हे करतात कसे, आणि हे करू देतात कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुट्टीच्या एका दिवसात हाताने करून दाखवता येते. दुसऱ्याचे उत्तर कायद्यापाशी सुरू होते, पण तिथे संपत नाही, कारण कायद्याने जे सोडता येते त्यातले बरेचसे मी सोडत नाही.

आधी हे सांगायला हवे की इथली बहुतेक अग्निशमन केंद्रे स्वयंसेवकांची आहेत. ही पद्धत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन केलेली युनियन फायर कंपनीसुद्धा स्वयंसेवकांचीच होती. आग लागली की काउंटीचे नियंत्रण केंद्र बिनतारी संदेश सोडते, तो कमरेच्या पेजरवर वाजतो आणि कोणी दुकानातून, कोणी शेतातून केंद्राकडे धावतो. संदेश एकाच वेळी शेकडो लोकांना ऐकू जावा, अशीच ही यंत्रणा पहिल्यापासून बांधलेली आहे, त्यामुळे तो शेजाऱ्यांनाही ऐकू येणे इथे कोणाला वावगे वाटत नाही.

यंत्र विकत घेण्यापूर्वी आपली काउंटी कशावर बोलते ते पाहावे. रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर बहुतेक काउंट्यांच्या फ्रिक्वेन्सी नोंदलेल्या आहेत. संवाद साध्या ॲनालॉग पद्धतीचा असेल तर जुना, स्वस्त स्कॅनरही चालतो. तो पी-२५ या डिजिटल पद्धतीचा आणि ‘ट्रंक्ड’ असेल, म्हणजे प्रत्येक बोलण्याला मोकळी वाहिनी संगणक त्या क्षणी नेमून देत असेल, तर ते नेमणुकीचे आदेश समजणारा महाग स्कॅनर तरी लागतो, किंवा संगणकावर एसडीआरट्रंकसारखा प्रोग्रॅम तरी. डिजिटल टीव्हीसाठी बनवलेल्या आरटीएल-२८३२यू चिपच्या यूएसबी काडीतून कच्चे रेडिओ संकेत काढून घेता येतात, हे हौशी मंडळींनी २०१२ च्या सुमारास दाखवून दिले आणि या छंदाचा खर्च एकदम खाली आला. तीस-चाळीस डॉलरची अशी काडी, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि आरटीएल-एसडीआर-एअरबँड हा मोफत प्रोग्रॅम एवढ्यावर ॲनालॉग वाहिन्यांचे काम भागते. शिवाय स्कॅनर एका वाहिनीवर थांबला की बाकीच्यांवरचे बोलणे हुकते, तर ही काडी सुमारे दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या सगळ्या वाहिन्या एकाच वेळी ऐकते.

अँटेना जितकी उंच तितकी चांगली, असे सगळेच सांगतात, आणि ॲनालॉगसाठी ते खरेही आहे. १५४ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचे असेल तर साधारण ४६ सेंटिमीटरची उभी तार माळ्यावर लावावी आणि टीव्हीची आरजी-६ केबल खाली आणावी. नुसते ऐकायचे असल्याने तेवढे पुरते. डिजिटल ‘सायमलकास्ट’ यंत्रणेत मात्र हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. तिथे अनेक मनोरे एकच संदेश एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी सोडतात, आणि दोन मनोऱ्यांच्या मध्ये राहणाऱ्याच्या घरी ते संकेत मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचून एकमेकांत मिसळतात. संकेताची पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि शब्द मात्र तुटक येतात. अशा वेळी अँटेना उंच नेली तर आणखी मनोरे कानावर पडून गोंधळ वाढतो. ती उलट खाली आणावी, किंवा एकाच मनोऱ्याकडे तोंड करणारी दिशादर्शक अँटेना लावावी.

माझा सर्वाधिक वेळ जातो तो आवाजाच्या पातळीवर. नियंत्रण केंद्रातला माणूस शांत खोलीत, चांगल्या माइकवर बोलतो. तळघरात शिरलेला जवान तोंडावरच्या मुखवट्यातून, धापा टाकत, पाच वॅटच्या हातातल्या संचावर बोलतो. दोघांचेही शब्द कळले पाहिजेत. पातळी बसवायला मी संदेशाआधीच्या सुरांचा उपयोग करतो. प्रत्येक केंद्राला दोन सुरांची स्वतःची जोडी दिलेली असते, पहिला सूर साधारण १ सेकंदाचा आणि दुसरा ३ सेकंदांचा, आणि तीच जोडी ऐकून त्या केंद्राचे पेजर जागे होतात. हे सूर एका पट्टीत, न हलता वाजतात, म्हणून मीटरकडे पाहत आवाज असा ठेवायचा की दुसरा सूर वाजताना काटा लाल भागात मुळीच जाऊ नये. (शेजारच्या गावाची जोडी आमच्या घरात आता सगळ्यांनाच गुणगुणता येते.) स्कॅनरचा आवाज हेडफोनच्या छिद्रातून न घेता, असेल तर, रेकॉर्डिंगच्या जोडणीतून घ्यावा, कारण हेडफोनचा आवाज बटणावर अवलंबून असतो आणि धूळ पुसताना ते बटण कोणाच्या तरी हातून फिरतेच. स्कॅनर आणि संगणक दोन वेगळ्या प्लगांवर असतील तर पार्श्वभूमीला घुमणारा विजेचा आवाज येतो. तो घालवायला मध्ये एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

आवाज बाहेर पाठवण्याचे काम मात्र सोपे आहे. आपण आवाज एमपी-थ्रीमध्ये दाबून आइसकास्ट सर्व्हरकडे पाठवतो आणि पुढे श्रोत्यांना तो सर्व्हर वाटून देतो. असे स्कॅनरचे आवाज लोकांना ऐकवणाऱ्या ब्रॉडकास्टिफाय या सेवेकडे अर्ज मंजूर झाला की सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड मिळतो. सोळा किलोबिट, मोनो, २२.०५ किलोहर्ट्झ असा त्यांचा दंडक आहे. हिशेब केला तर दिवसाला सुमारे १७३ मेगाबाइट होतात, म्हणजे घरच्या इंटरनेटला जाणवतही नाही, आणि ऐकणारे दहा असोत की दहा हजार, आपल्याकडून आवाजाची एकच धारा (स्ट्रीम) जाते. वायफायऐवजी तार वापरावी आणि वीज गेल्यानंतर प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल अशी सोय करावी, एवढेच पथ्य.

आता करू देतात कसे? अमेरिकेत १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स प्रायव्हसी ॲक्टने मोबाइल फोनचे संभाषण ऐकण्यास मनाई केली, पण पोलीस, अग्निशमन, जहाजे आणि विमाने यांचे जनतेला सहज ऐकू येईल असे, सांकेतिक न केलेले संदेश ऐकणे वैध ठेवले. काही राज्यांत गाडीत स्कॅनर बाळगण्यावर बंधने आहेत, ती ज्याने त्याने पाहावीत. ब्रॉडकास्टिफाय विशेष कारवायांच्या वाहिन्या स्वीकारतच नाही. याशिवाय रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्यातली वाहिनी मी माझ्या यादीतून काढलेली आहे. तीवर रुग्णाचे वय, आजार, कधी कधी घरातली परिस्थितीही सांगितली जाते, आणि आमच्यासारख्या लहान वस्तीत पत्ता ऐकला की माणूस कोण ते ओळखायला नाव लागत नाही.

पोलिसांचे संभाषण मी कधीच सोडले नाही, त्यामागे २०१३ ची बॉस्टनची घटना आहे. एप्रिलमधल्या त्या रात्री वॉटरटाउनमध्ये मॅरेथॉन स्फोटांतील संशयितांचा पाठलाग चालू असताना देशभरातले लोक स्कॅनर ऐकत होते, आणि ‘पोलिसांनी रेडिओवर नाव घेतले’ अशा हवाल्याने समाजमाध्यमांवर निरपराध माणसांची नावे फिरली. पुढे शिकागोच्या पोलिसांनी आपले संदेश सांकेतिक करून लोकांना ते अर्ध्या तासाच्या विलंबाने देण्याची पद्धत आणली, आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून वाहिन्या सांकेतिक करून लोकांसाठी बंद करायला घेतल्या. संपूर्ण कुलूप लावण्याला माझा विरोध आहे, कारण पोलीस काय करत होते हे पत्रकारांना नंतर तरी ऐकता आले पाहिजे. परंतु विलंबाला माझी हरकत नाही.

पुण्याहून माझा मावसभाऊ विचारतो, की तिथे हे करता येईल का. पोलीस किंवा अग्निशमन दलाचे संदेश ऐकवणे तिथे मुळीच करू नये. परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगण्यास भारतात १९३३ च्या कायद्यानेच मनाई केली होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही बेकायदा संदेश टिपणे हा गुन्हा आहे. ज्याला ही गोडी लागली असेल त्याने हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संवादाच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. तोवर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर हा रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडावा. त्यावर लघुलहरींची सुई आपल्या हाताने फिरवता येते आणि घरात कोणतेही यंत्र ठेवावे लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या काउंटीची धारा आधीपासून चालू आहे का ते पाहावे. असेल तर तीच पुन्हा सोडण्यापेक्षा जवळच्या रेल्वेमार्गाची वाहिनी घ्यावी. ती १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते, बहुतांशी ॲनालॉग असते आणि तिच्यावर कोणाच्या आजारपणाची चर्चा होत नाही. अग्निशमनाचीच सोडायची असेल तर कायद्याने परवानगी लागत नसली तरी केंद्रप्रमुखाला आधी भेटावे, कोणत्या वाहिन्या घेणार ते कागदावर लिहून द्यावे आणि धारा तातडीने बंद करायची वेळ आली तर रात्रीही लागेल असा आपला फोन नंबर त्याच कागदावर खाली लिहावा.