काळा चष्मा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, मैदानावरची धूळ, मधल्या सुट्टीतली भेळ यांवर बाकीचे लिहितीलच. मी पोलंडवर लिहितो. हसू नका. अभ्यासक्रमात नसताना पोलंड शिकलेली आपल्या शाळेतली आमची एकच तुकडी असावी.

डिसेंबर १९८१, नववी 'ब'. इतिहासाचे सर हजेरीपटाऐवजी वर्तमानपत्र घेऊन वर्गात आले. त्यात लष्करी गणवेशातल्या, काळा चष्मा लावलेल्या माणसाचा फोटो होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा पिक्चरमधला व्हिलन काय?" सरांनी आम्हाला पोटभर हसू दिलं आणि मग नकाशा टांगायला सांगितला. आपला तो जुना कापडी नकाशा! पोलंड नेमका घडीवर यायचा आणि तिथलं कापड विरलेलं. "बघा लेको, इथंबी याच देशाचे तुकडे," सर म्हणाले.

फोटोतला माणूस म्हणजे जनरल वोय्चेख यारुझेल्स्की. १९५६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच जनरल झालेला. १९६८ मध्ये संरक्षणमंत्री. त्याच वर्षी पोलंडचं सैन्य रशियाबरोबर चेकोस्लोव्हाकियात घुसलं. १९७० च्या डिसेंबरात बाल्टिक किनाऱ्यावर महागाईविरुद्ध उठलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या, चाळीसहून अधिक माणसं मेली, मंत्री हाच. १९८१ मध्ये आधी पंतप्रधान झाला, मग पक्षाचाही प्रमुख. आणि १३ डिसेंबरच्या रविवारी पहाटे त्यानं लष्करी कायदा पुकारून आपल्याच शहरांत रणगाडे उतरवले. टेलिफोन बंद, 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते कैदेत, तिचा नेता लेक वालेसा स्थानबद्ध. तीन दिवसांनी वूयेकच्या कोळसा खाणीवर झालेल्या गोळीबारात नऊ खाणकामगारांचा जीव गेला.

एवढं सांगून सर थांबले आणि एकदम वळिवड्यावर आले. लहानपणी ते वडिलांबरोबर तिथल्या पोलिश कॅम्पात पेरू विकायला जात. १९४३ ते ४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं आपल्या कोल्हापूरजवळ राहिली, बहुतेक बायका आणि पोरं. स्टालिननं त्यांना घरांतून उचलून सायबेरियात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी आली. पुढं त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर. आम्ही अवाक्.

मे २०१४ मध्ये जनरल वारले. मृत्युलेख वाचताना एका परिच्छेदाशी अडखळलो. हा जमीनदार घराण्यातला, पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला मुलगा. १९४१ मध्ये यालाही आईवडील आणि बहिणीसह सायबेरियात धाडलं होतं! तिथं जंगलात झाडं तोडली. बर्फाच्या लखलखाटानं डोळे कायमचे दुखावले. तो काळा चष्मा त्यासाठीच. वडील तिथंच गेले. मात्र हा इराणच्या वाटेला लागला नाही. १९४३ मध्ये रशियनांनी उभारलेल्या पोलिश सैन्यात अधिकारी व्हायला गेला. ज्यांनी बाप मारला त्यांचीच चाकरी आयुष्यभर कशी केली, हे मला आजही उमगत नाही. रशिया घुसू नये म्हणून लष्करी कायदा आणला, असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. पण त्या डिसेंबरात सैन्य पाठवायचं नाही असं मॉस्कोत ठरलं होतं, हे पुढं त्यांच्याच कागदपत्रांतून निघालं. त्यामुळे ती सबब मला पटत नाही. तरी १९८९ मध्ये विरोधकांशी बोलणी करून निवडणूक घेतली ती यानंच, आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपद मुकाट्यानं सोडलं. त्याची जागा घेतली वालेसानं. अंत्यविधीच्या वेळी बाहेर लोक निषेधाच्या घोषणा देत होते आणि चर्चमध्ये तोच वालेसा बसला होता.

कात्रण घेऊन सरांकडे गेलो. सर ऐंशीचे, कानानं अधू. मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं, रशियाबद्दल बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आई रे त्याची? ती वाचली का?"

मला ठाऊक नव्हतं. रात्री शोधून काढलं आणि सकाळी सरांना फोन केला. आई वाचली होती, बहीणही. दोघी पोलंडला परत गेल्या होत्या.

"बरं झालं," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.