सरपण, कवेलू अन् लसूण: हिवाळ्याच्या तयारीची नोंद

चिखलदऱ्याच्या उतारावर आमचं मातीचं घर आहे. ऑक्टोबरात खाली परतवाड्यात पंखे गरगरत असतात अन् इथं पहाटे पांघरूण शोधावं लागतं. त्यामुळे आमची हिवाळ्याची तयारी कोजागिरीच्या आधीच सुरू होते.

मागच्या वर्षी ओल्या लाकडानं पार फजिती केली. आंघोळीचं पाणी तापायला सव्वा तास, गुंडाला (पाणी तापवायच्या भांड्याला) बोटभर काजळी. अंगणात धूर इतका, की शेजारच्या मावशींनी विचारलंच, "भाऊ, आंघोय करता का मच्छर हाकलता?" चूक साधी होती. लाकडात पाणी असेल तर बरीच आच ते पाणी उडवण्यातच जाते, गुंडापर्यंत पोचतच नाही.

यंदा लाकूड मार्चमध्येच तोडलं. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, थोडी सुबाभूळ. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, त्यामुळे जंगलात कुऱ्हाड न्यायचा विषयच नाही. पावसाळाभर ढीग टिनाखाली होता, पण वाळला की नाही हे हात लावून काही कळेना. मग एका बाभळीच्या ओंडक्यावर खडूनं फुली मारली अन् दर रविवारी तोच ओंडका किराणा मोजायच्या काट्यावर ठेवला. ५ ऑक्टोबरला १,६४० ग्रॅम. १२ ला १,५६०. १९ ला १,५१५, २६ ला १,४९०. २ नोव्हेंबरला १,४८५, म्हणजे आठवड्याभरात फक्त पाच ग्रॅम. आता वाळला म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण महिनाभरात ओंडक्यातलं दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी त्यानंच काढलं. (घरच्यांनी काट्याला साल लागली म्हणून ऐकवलं, ते वेगळं.)

रचण्याचीही पद्धत बदलली. आधी थप्पी घराच्या मागच्या भिंतीला टेकवून लावायचो. "भितीले लाकडं नोका लावू, उधई चढते," असं मावशी सांगायच्या (उधई म्हणजे वाळवी), मी हसण्यावारी न्यायचो. यंदा पोपडे खरवडले तर उधईची मातीची नळी थेट वाश्यापर्यंत गेलेली! एक वासा बदलावा लागला. आता थप्पी भिंतीपासून हातभर दूर, खाली दगडाच्या दोन ओळी, वरून टिन अन् चारही बाजू मोकळ्या. ताडपत्रीनं गुंडाळायचा मोह होतो, पण मग आतली ओल आतच राहते.

पेटवायला पऱ्हाटीसारखं (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांसारखं) दुसरं काही नाही. मात्र तिचा ढीग वर्षभर ठेवायचा नाही, त्यात गुलाबी बोंडअळीचे कोष टिकून राहतात. मागच्या हंगामाची उरलेली पऱ्हाटी मी मेमध्येच संपवली. आजूबाजूला कपाशी असणाऱ्यांनी हे नक्की पाळावं.

छपराच्या कवेलूंचं काम एका दुपारचं. वानरांनी अठरा फोडली होती, बदलली. भिंतींना पांढरी माती अन् शेणाचा हात दिवाळीच्या आधी झाला.

परसबागेत लसूण १४ ऑक्टोबरला लावला. दोन ओळींत १० सेंटीमीटर, दोन पाकळ्यांत साडेसात, बूड खाली अन् टोक वर. वाफ्यावर सोयाबीनचं कुटार (भुसा) पातळ पसरलं. उतारावरच्या जमिनीत पाणी ठरत नाही, कुटारानं ओल दोन दिवस जास्त टिकते. सांभार (कोथिंबीर) पेरताना धने चपलेखाली रगडून दोन फाका करून टाकले, उगवण चांगली आहे. वांग्यांबद्दल काही विचारू नका.

९ नोव्हेंबरच्या पहाटे थर्मामीटर ११ अंशांवर होता. फुलीचा ओंडका फोडून चुलीत घातला. पाणी पस्तीस मिनिटांत कढत झालं, धूर नावापुरता. मावशी कुंपणापाशी येऊन चुलीकडे बघून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत.

तेवढ्यात वानरांची टोळी वाफ्यात उतरली. कुटार उधळलं, लसणाचे चौदा कोंब उपटले, एक चावून थुंकला अन् बाकीचे तिथंच टाकून गेली. सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवलेत, संध्याकाळी परत लावतो.