आमची वाटचाल : फॉरमॅटच्या कामापासून लिनक्सच्या देखभालीपर्यंत

सांगलीत आम्ही दुकान थाटलं ते कॉम्प्युटर असेंबल करून द्यायला. काम ठरलेलं असायचं. मशीन जोडायचं, विंडोज टाकायचं आणि व्हायरस शिरला की फॉरमॅट मारायचा. धंदा बरा चालायचा, पण तेच मशीन तेच दुखणं घेऊन पुन्हा टेबलावर यायचं, हे मनाला पटत नव्हतं. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले. आसपासच्या शाळा, पतसंस्था, छोटी वर्कशॉप सगळीकडे एक्सपीच होतं. नवी मशीनं घ्यायची ऐपत नव्हती आणि जुन्या मशीनांना नवं विंडोज झेपत नव्हतं. त्या वर्षी एका शाळेच्या लॅबमध्ये आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली, आणि तिथून आमचं काम बदलत गेलं.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारायचे, अजूनही विचारतात : "लिनक्स फुकट आहे ना, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" लिनक्स टाकायला फारसा वेळ लागत नाही, त्याचे पैसे आम्ही नाममात्रच घेतो. खरं काम नंतर सुरू होतं. कोण कुठल्या नावानं लॉगिन करणार, कोणाला कोणतं फोल्डर उघडता येणार, प्रिंटर कोणाला बदलता येणार आणि अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाकडे राहणार, हे ठरवून बसवावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बघितल्या तर हार्डवेअर बिघडल्याच्या कमी आणि अशा खात्यांच्या घोळाच्या जास्त. म्हणून वार्षिक देखभालीच्या करारात पहिली अट आम्ही तीच ठेवली : ऑफिसात जेवढी माणसं मशीनवर बसतात, तेवढी स्वतंत्र खाती. एकाच 'ऑफिस' नावाच्या खात्यावर पाचजण बसणार असतील तर करार करायचा नाही.

एक नमुना सांगतो. एका पतसंस्थेतून रोखपाल ताईंचा फोन आला, "दादा, पासवर्ड बरोबर टाकतेय, स्क्रीन काळी होते आणि परत पासवर्डच मागते." पासवर्ड चुकला असता तर मशीननं तसं सांगितलं असतं. इथे पासवर्ड चालत होता, पण डेस्कटॉप उघडत नव्हता. जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबलं आणि काळ्या पडद्यावर त्यांच्याच नावानं लॉगिन केलं, तर लगेच आत गेलो. मग दोन गोष्टी तपासायच्या. आधी डिस्क भरली आहे का ते पाहिलं, तर जागा भरपूर होती. मग होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींची यादी काढली. डेस्कटॉप उघडायला लागणारी एक्सऑथॉरिटी नावाची फाइल ताईंच्या नावावर नव्हतीच, ती रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, नावावर गेली होती. कोणीतरी त्यांच्या खात्यावर बसून एक खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून, म्हणजे रूटचे अधिकार घेऊन, चालवला होता. चाउन ही मालक बदलायची आज्ञा देऊन फाइल ताईंच्या नावावर केली आणि पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. डेस्कटॉप उघडला. फॉरमॅट मारायची सवय असलेल्या माणसानं इथे अख्खं मशीन पुसलं असतं आणि त्याबरोबर ताईंचं सगळं काम गेलं असतं.

मशीन बदलताना तर हा मालकीचा प्रश्न हमखास येतो. लिनक्स फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितो. उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांमध्ये पहिल्या खात्याला १००० क्रमांक मिळतो, पुढच्याला १००१. जुन्या मशीनवर व्यवस्थापक साहेब १००० आणि क्लार्क १००१ असतील, आणि नव्या मशीनवर क्लार्कचं खातं आधी उघडलं, तर जुनी डिस्क जोडल्याबरोबर साहेबांच्या फाइली क्लार्कच्या नावावर दिसतात. त्यामुळे प्रत्येक ग्राहकाची एक वही आमच्याकडे असते. खात्याचं नाव, क्रमांक, तो कुठल्या गटांत आहे, कोणत्या तारखेला बदल केला, सगळं त्यात. नवं मशीन लावताना आधी वही उघडायची, मगच कीबोर्डला हात लावायचा.

गटांचंही तसंच. एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवरून तिथल्या यंत्राला सिरियल केबलनं प्रोग्राम पाठवायचा होता आणि परवानगी नाकारली जात होती. ऑपरेटरचं खातं सिरियल केबल वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट गटात घातलं, एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं की काम झालं. (लॉगआउट केल्याशिवाय नवा गट लागू होत नाही, हे विसरून लोक तासन् तास डोकं खाजवत बसतात.) पण युजरमॉड या आज्ञेनं गट जोडताना मोठ्या जी-च्या आधी छोटं ए लावायचं राहिलं, तर नवा गट लागतो आणि जुने जोडलेले सगळे सुटतात, अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा सुडो गटसुद्धा. मशीनवर एकच अ‍ॅडमिन असेल तर तो स्वतःच बाहेर. असं मशीन आलं की मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून रिकव्हरी मोडमध्ये जायचं, रूट शेल, म्हणजे रूटच्या अधिकारानं आज्ञा द्यायचा पडदा, घ्यायचा, डिस्क लिहिण्याजोगी करायची आणि खातं पुन्हा सुडो गटात घालायचं. ज्याच्या हातात मशीन आहे त्याला हे कोणालाही करता येतं. म्हणूनच जिथे लोकांच्या पैशांचा हिशेब आहे, तिथे सुरुवातीलाच डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, करून घ्या, असा आमचा आग्रह असतो.

आपल्याकडची खास दुखणी वेगळीच. लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठीवर राहिला की इंग्रजी पासवर्ड कितीही वेळा टाका, चुकीचाच ठरणार. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळत नाही. आणि विंडोज व लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकतं. मशीनच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. फरक साडेपाच तासांचाच दिसला की बॅटरी बदलू नका, सेटिंग बदला.

पासवर्डच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. आधीच्या तंत्रज्ञानं अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, अशा तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे आले आहेत. आम्ही अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात घालून ग्राहकाच्या कपाटात ठेवतो, वर दोघांची सही. करार मोडून ते उद्या दुसऱ्याकडे गेले तरी मशीन त्यांचंच आहे. यामुळे काही ग्राहक गेलेही, पण ही पद्धत आम्ही बदलणार नाही.

टॅलीवर सगळा हिशेब असेल किंवा डिजिटल सहीचं साधन विंडोजवरच चालत असेल, तर त्या एका मशीनवर विंडोजच ठेवा, असं आम्ही स्पष्ट सांगतो. बाकीची मशीनं लिनक्सवर आणू.

१४ ऑक्टोबर २०२५ ला एक्सपीसारखे विंडोज १० चेही मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे धडधाकट मशीनं भंगारात निघायला लागली आहेत. ती वाचवायची म्हणून शाळांची विचारणा पुन्हा वाढली आहे. या वेळी लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर वेगळी खाती उघडण्याऐवजी एका सर्व्हरवर सगळी ठेवायची आमची तयारी चालू आहे, म्हणजे मुलगा कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याच्या फाइली त्याच्या समोर येतील. चाचणी आधी आमच्याच दुकानातल्या मशीनांवर घेतोय, शाळेला त्यानंतरच देऊ.