हूक सगळ्यात शेवटी: जुनी बोलेरो ट्रॉलीसाठी तयार करताना

दहा-बारा वर्षं राबलेल्या बोलेरोला ट्रॉली जोडायचं ठरलं की गाडी पहिल्यांदा जाते फॅब्रिकेशनच्या दुकानात. तासाभरात मागे हूक लागतो आणि काम झालं असं वाटतं. माझ्या मते ही सुरुवात उलट्या टोकानं होते. आधी ब्रेक, मग पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मग कूलिंग आणि क्लच. हूक सगळ्यात शेवटी.

इथे २५२३ सीसीचं एमटूडीआयसीआर नावाचं डिझेल इंजिन असलेली बोलेरो धरली आहे. ६३ बीएचपी ताकद आणि १४०० ते २२०० आरपीएमला १९५ न्यूटन मीटर टॉर्क. वेगाला हे इंजिन कमी पडतं, पण खालच्या आरपीएमला ओढायला चांगलं आहे. म्हणूनच घोळ होतो. इंजिन तक्रार करत नाही, आणि बाकीची गाडी झिजलेली आहे हे लक्षातच येत नाही.

वजनाचा हिशोब आधी करा. समजा ट्रॉलीवर पाण्याची टाकी न्यायची आहे. ५०० लिटरची टाकी भरली की नुसतं पाणी ५०० किलो. ट्रॉली आणि टाकी मिळून २५० धरली तर एकूण ७५० किलो. युरोपात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात ते याच ७५० किलोपर्यंत. जुन्या बोलेरोसाठी मीही हीच रेघ मानतो. त्याच्या वर जायचं तर ट्रॉलीलाच ब्रेक हवेत.

आता ब्रेक. मागचे ड्रम उघडा आणि लायनरच्या (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराच्या) जाडीआधी ओल पाहा. व्हील सिलिंडरचं (लायनर ड्रमवर रेटणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर उचलल्यावर आत ब्रेक ऑइल दिसलं तर सिलिंडर गेला. ओल काळी, घट्ट आणि गिअर ऑइलच्या उग्र वासाची असेल तर ॲक्सलचा ऑइल सील गळतोय. बऱ्याच ठिकाणी नुसता सील बदलतात आणि तो पुन्हा गळतो. कारण ॲक्सलच्या हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) चिखलानं बुजलेला असतो. ओझं ओढताना डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा संच) तापतं, आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. सील बदलताना ब्रीदर काढून डिझेलनं धुवा आणि फुंकर आरपार जाते का बघा. तेल लागलेले लायनर पॉलिश पेपरनं घासून परत बसवू नका. तेल आत मुरलेलं असतं, ड्रम तापला की पुन्हा वर येतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कसारा किंवा वरंध घाटात ट्रॉलीसकट उतरताना पेडल अचानक खोल जातं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मागचं डावं चाक, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळच्या मुख्य सिलिंडरपासून) लांबून जवळ क्रम ठेवा. बूस्टर (व्हॅक्यूमनं पेडलला जोर देणारा भाग) तपासायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक झालं की दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पंप, त्याची नळी आणि बूस्टर या क्रमानं शोधा.

पाट्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे सर्वात जास्त वाया जातात. मागून गाडी बसली की जास्तीचा पाटा घालायचा, हा ठरलेला उपाय. पण ट्रॉलीचं सगळं वजन गाडीवर येत नाही. हुकावर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के यावं, म्हणजे ७५० किलोला साधारण ५० ते ७५. समजा ७० किलो आलं आणि हूक मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे आहे. बोलेरोचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २६८० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे २६ किलो उचललं जातं आणि मागच्या ॲक्सलवर ९६ किलो वाढतं. एवढ्यासाठी जास्तीचा पाटा लागत नाही. मागे बसलेली दोन माणसं उतरवली तरी हिशोब जुळतो. एवढ्यानंच गाडी बसत असेल तर मूळ पाटे थकलेत. ते नवे टाका किंवा चांगल्या कारागिराकडून कमान भरून घ्या.

जास्तीच्या पाट्याचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडीची मागची उंची पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटा वाढवून मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो दाब कमी करतो. ओझं वाढवलं आणि मागचा ब्रेक घटवला, असं होतं. पाट्यांना हात लावला की ही दांडी पुन्हा सेट करून घ्यायलाच हवी.

पाटे उतरवले की यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) नवेच घाला. जुन्याचे आटे ताणलेले असतात, तो नीट आवळला जात नाही. मग पाटे एकमेकांवर सरकतात आणि सेंटर बोल्ट तुटतो. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश त्याच वेळी बदला. साधारण ५०० किलोमीटरनंतर गाडी भरलेली असताना यू-बोल्ट पुन्हा आवळा.

कूलिंगमध्ये खरा शत्रू बोअरचं पाणी. त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, आणि रोजच्या चालवण्यात तापमानाचा काटा मधोमध राहतो म्हणून कळत नाही. चढावर ट्रॉलीसकट मात्र वर जातो. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. थर्मोस्टॅट आणि प्रेशर कॅप नवी घाला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेला चिखल इंजिनच्या बाजूनं, कमी दाबाच्या पाण्यानं बाहेर काढा.

क्लच तपासायला मोकळी जागा हवी. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, हळूहळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर घसरतोय. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेरिंग एकत्र बदला, आणि फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले तर तो मशीन करून घ्या.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी, टर्बोच्या नळ्यांच्या क्लिपा हे नेहमीचं. नळी फाटली असेल तर काळा धूर येतो आणि चढावर दम जातो.

मग हूक. बंपरला किंवा मागच्या एकाच क्रॉसमेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) नको. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बसेल असा आडवा मेंबर ८.८ दर्जाच्या बोल्टनी बसवा. पट्टी पेटीसारखी बंद असेल तर आत स्लीव्ह (आधाराची नळी) घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पट्टी दबते आणि बोल्ट पुन्हा ढिला होतो. जवळपास कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वाचतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन आणि कडी लावू नका. त्यातल्या ढिलाईनं प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि तो थेट गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर जातो. ५० मिलिमीटरचा बॉल आणि कपलर घ्या, खाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या लावा. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते. हूक लावण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ट्रॉलीच्या दिव्यांची अर्थिंग बॉलमधून देऊ नका. ग्रीसमुळे संपर्क तुटतो आणि दिवे लुकलुकतात. वेगळी वायर ओढा. गाडीच्या टेललॅम्पची वायर सरळ कापून जोडण्यापेक्षा रिले आणि फ्यूज घाला.

टाकी एकतर पूर्ण भरा किंवा रिकामी ठेवा. अर्ध्या टाकीतलं पाणी मागे गेलं की हुकावरचं वजन उतरतं आणि ट्रॉली डोलू लागते. पहिल्यांदा जोडल्यावर वीसेक किलोमीटरनंतर थांबा आणि सगळ्या चाकांच्या हबच्या जवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक अडकलाय किंवा बेरिंग फार घट्ट आवळलंय. ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.