महाबळेश्वरची गुहा आणि टायरचा धूर

पसरणी घाट, पाचगणीची कोंडी, शनिवारची गर्दी हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. आम्ही वटवाघळांच्या अभ्यासासाठी गेलो त्या गुहेचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की रील काढणारे पोहोचतात.

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाह या माणसाला जीवघेण्या ठरणाऱ्या विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं सापडली. २०२१ मध्ये बातमी आली आणि 'गुहा बंद करा, जाळून टाका' सुरू झालं.

आम्ही गेलो त्या गुहेच्या तोंडाशी अर्धवट जळालेला टायर पडला होता. छतावर हातभर काजळी. मला भयंकर चीड आली. धूर घातला की सगळी वटवाघळं मरत नाहीत, बरीच पांगतात. रातोरात दुसऱ्या कपारीत, एखाद्या माळ्यावर जातात. पिल्लं खाली पडतात आणि ती उचलायला माणसंच पुढे होतात. ताण आणि उपासमार झाली की वटवाघळांच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडतो, हे ऑस्ट्रेलियात निपाहच्या भाऊबंद हेंड्रा विषाणूच्या बाबतीत दिसलंय. म्हणजे भीतीपोटी धूर घालणारा माणूस स्वतःच धोका वाढवतो. शिवाय घाबरलेल्या थव्याखाली उभं राहिलं तर मूत्राचा सडा अंगावर पडतो, ते वेगळंच.

अभ्यासासाठी पकडण्याची रीत याच्या अगदी उलट, कंटाळवाणी आणि सावकाश. वनखात्याची लेखी परवानगी लागते. पिल्लं छातीशी असण्याच्या दिवसांत जाळं लावायचंच नाही. जाळं गुहेच्या तोंडावर ताणणं ही नवख्यांची हमखास चूक: तिन्हीसांजेला काही मिनिटांत शेकडो वटवाघळं बाहेर पडतात, जाळं ओझ्याने झुकतं, गुंता होतो आणि जीव जातात. म्हणून थोडं लांब, उडण्याच्या वाटेवर एकच मिस्ट नेट (बारीक धाग्याचं उभं जाळं); खालचा कप्पा जमिनीपासून वर, दोघं सतत जाळ्याशी. हाताला आवरतील तेवढी आली की गुंडाळून टाकायचं.

सोडवताना आधी वटवाघूळ कोणत्या बाजूने शिरलं ते बघायचं. पाय मोकळे करायचे, मग एकेक पंख, डोकं शेवटी. घाई केली की पंखाचा पडदा फाटतो. आत नायट्रिलचे हातमोजे, धरणाऱ्या हातावर चामड्याचा. तोंडावर एन-९५, डोळ्यांवर चष्मा. प्रत्येकाला वेगळी कापडी पिशवी, कारण एकाच पिशवीत दोघं ठेवली तर कोणता विषाणू कुणाचा ते कळणारच नाही. स्प्रिंगच्या काट्यावर वजन, व्हर्नियरने पुढच्या हाताचं हाड, घशातला स्वॅब, मग थंड पेटी. रक्त घ्यायचं तर वजनाच्या एक टक्क्याच्या आत: ८० ग्रॅमच्या फळखाऊ वटवाघळाचं फार तर ०.८ मिली. पिपिस्ट्रेल या पाच ग्रॅमच्या चिमुकल्या वटवाघळाचं एवढं थोडं निघतं, की आम्ही स्वॅबवरच भागवतो.

चावा बसलाच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी पुन्हा दोन डोस.

जाळी ब्लीचमध्ये बुडवू नका, नायलॉन कुजतं. निपाहला मेदाचं आवरण असतं, त्यामुळे डिटर्जंट पुरतो. मग कडक उन्हात वाळवायची.

लॉजच्या मालकाने जाळी खोलीत आणायला मनाई केली. बरोबरच होतं त्याचं, आम्ही ती गाडीतच बंद डब्यात ठेवणार होतो. पण त्याच अंगणात झाडाखाली पडलेले टोकरलेले पेरू टोपलीत गोळा होत होते, चटणीसाठी! गुहेत न जाणाऱ्या माणसाला खरा धोका वटवाघळांनी उष्टावलेल्या अशा फळांचा. ती फेकायची, बाकीची धुऊन, सोलून खायची. सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, ही तर पोपटाने खाल्लीयेत."