सहा वाजताची इटली

24 मार्च 2022, गुरुवार. धोनीने चेन्नईचं कर्णधारपद जडेजाकडे सोपवल्याची बातमी दुपारी आली आणि त्यानंतर आमच्या डेस्कवर दुसरं काही चाललंच नाही. धोनी फोटोंमधून, धोनी आकड्यांमधून, धोनीबद्दल कोण काय म्हणालं. आयपीएल शनिवारपासून होती. मी एका दैनिकाच्या वेबसाइटवर रात्रपाळीचा उपसंपादक. फुटबॉल माझ्याकडे, कारण दुसऱ्या कुणाला नको असतो.

त्या रात्री विश्वचषक पात्रतेचे युरोपातले प्लेऑफ होते. इटली विरुद्ध नॉर्थ मॅसेडोनिया पालेर्मोत, पोर्तुगाल विरुद्ध तुर्की पोर्तोत, दोन्ही आपल्याकडे रात्री सव्वाला. छापील अंकाची शेवटची पानं त्याच सुमारास सुटतात, त्यामुळे निकाल पेपरात येणारच नव्हता. जे काय करायचं ते वेबसाइटवर मीच.

दहाच्या सुमारास वृत्तसंपादक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. क्रिकेटचा माणूस. स्क्रीनवर नजर टाकून म्हणाले, "इटली म्हणजे मागच्या वर्षी युरो जिंकली तीच ना? मग तिला कसली परीक्षा?"

"सर, युरो जिंकल्याचा इथे काही उपयोग नाही. खुद्द जगज्जेत्यालाही 2006 च्या स्पर्धेपासून पात्रता खेळावी लागते. सूट फक्त यजमानाला. या वेळी कतारला."

"मग किती जणांत किती?"

आयपीएलच्या वेळापत्रकाचा कागद समोर होता, तो उलटा केला आणि दहा चौकोन काढले. युरोपातले 55 संघ, जागा 13. प्रत्येक चौकोनात पाच किंवा सहा संघ, प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर. पहिला आला तो थेट कतारला. झाले दहा. उरलेल्या तीन जागांसाठी बारा संघ: दहा उपविजेते, आणि दोन नेशन्स लीग या युरोपातल्याच दुसऱ्या स्पर्धेच्या दारातून आलेले. ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक. ऑस्ट्रिया तर पात्रतेच्या गटात चौथा आला होता.

सर थांबले. "म्हणजे या शाळेत नापास झालेल्याला त्या शाळेच्या मार्कांवर पुन्हा बसवतात?"

मी हो म्हटलं. इतकं नेमकं मला स्वतःला कधी सुचलं नसतं.

बाराचे तीन मार्ग, प्रत्येकात चार संघ, उपांत्य आणि अंतिम. प्रत्येक मार्गातून एकच कतारला. पूर्वी हे प्लेऑफ घरी-बाहेर असे दोन सामन्यांचे असायचे. या वेळी एकच. हरलात की संपलं, परतीचा सामना नाही. एका मार्गात रशिया होता, तो मी खोडला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारीअखेरच त्याला बाहेर काढलं होतं आणि पोलंड न खेळताच अंतिम लढतीत पोचला होता. युक्रेन-स्कॉटलंड जूनवर गेलेला. सर त्या खोडलेल्या नावाकडे जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पण इटली इथे आली कशी? हरली कुणाकडून?"

मला आवडतो तो भाग हाच. इटली गटात एकही सामना हरली नव्हती. चार जिंकले, चार बरोबरीत. स्वित्झर्लंडने पाच जिंकले, तीन बरोबरीत. गुण स्वित्झर्लंडचे 18, इटलीचे 16. इटली-स्वित्झर्लंड हे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि दोन्हीत इटलीच्या जॉर्जिन्होने पेनल्टी घालवली. बासेलमध्ये गोलरक्षकाने अडवली, रोममध्ये 1-1 असताना नव्वदाव्या मिनिटाला त्याने ती बारवरून मारली. मी कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडून दाखवलं. रोमची एकटी पेनल्टी आत गेली असती तरी इटलीचे दोन गुण वाढून 18, स्वित्झर्लंडचा एक कमी होऊन 17. आज रात्री पालेर्मोत कुणाला जावंच लागलं नसतं.

"आणि हे मॅसेडोनिया कोण?"

"लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर. आपल्या पुण्याहून लहान देश. पण मागच्या मार्चमध्ये जर्मनीला जर्मनीत 2-1 ने हरवलंय."

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि सर वळल्यावर, पावणेअकरा वाजता, काय लिहायला घेतलं? 'आजी-माजी युरोपविजेत्यांपैकी एकच कतारला; मंगळवारी इटली-पोर्तुगाल आमनेसामने'. पोर्तुगाल 2016 चा युरोविजेता, इटली आत्ताचा, दोघं एकाच मार्गात. असं हेडिंग रोज मिळत नाही. पहिल्याच वाक्यात लिहिलं, 'नॉर्थ मॅसेडोनियाचा अडथळा सहज पार करत'. सहज. सामना सुरू व्हायला अजून अडीच तास होते. खाली दहा गटांची सगळी माहिती नीट लावली, सकाळी सहाला शेड्यूल केली, सोबत नोटिफिकेशनही. आमच्या धंद्यात याला आळस म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. हयात माणसांवरचे लेखही आमच्याकडे तयार असतात.

सव्वाला दोन्ही सामने लावले. एक टीव्हीवर, एक लॅपटॉपवर. अर्ध्या तासाने मॅसेडोनियाचा गोलरक्षक दिमित्रिएव्हस्की याने चेंडू सरळ इटलीच्या बेरार्डीच्या पायात दिला. समोर रिकामा गोल. बेरार्डीने इतका मवाळ फटका मारला की गोलरक्षकाला परत येऊन तो धरता आला. मी हसलो. पुढचा आत जाईल असं वाटत होतं आणि दर दहा मिनिटांनी तसंच वाटत राहिलं. सामना संपला तेव्हा इटलीचे फटके 32 होते, समोरच्यांचे चार.

खरं तर माझं लक्ष पोर्तोकडे होतं. पोर्तुगाल 2-0 वरून 2-1 वर आला होता आणि 85 व्या मिनिटाला तुर्कीला पेनल्टी मिळाली. बुराक यिल्माझ. मी 'पोर्तुगाल अडचणीत' असं टाइप करून बोट एंटरवर ठेवून बसलो. त्याने चेंडू बारवरून मारला. शिवी हासडून मी सगळं खोडलं. नंतर पोर्तुगालने तिसराही केला.

तेवढ्यात टीव्हीवरचा आवाज बदलला. प्रेक्षकांचा नव्हे, समालोचकाचा. प्रेक्षक गप्प झाले होते. गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू, एकाच्या डोक्याला लागून पुढे, त्रायकोव्स्कीने छातीवर घेतला आणि डीच्या बाहेरून जमिनीलगत मारला. डोनारुमाने सूर मारला तोवर चेंडू जाळ्यात. 92 वं मिनिट. इटली घरच्या मैदानावर विश्वचषक पात्रतेचा सामना आजवर कधी हरली नव्हती. आणि हा त्रायकोव्स्की पूर्वी पालेर्मोकडूनच खेळायचा. मैदान त्याच्या पायाखालचं.

आता घाई. आणि घाईत पहिला प्रश्न कुठला, तर हे नाव लिहायचं कसं. इंग्रजी स्पेलिंगमधलं 'जे' हे अक्षर वाचून आमच्याकडे 'ट्रॅजकोव्हस्की' झालं असतं, माझ्याआधीच्या पाळीने सरावाच्या बातमीत तसं केलंही होतं. मी 'त्रायकोव्स्की' केलं. मग 'नॉर्थ' की 'उत्तर'? मोबाइलवर हेडिंग कापलं जातं म्हणून 'नॉर्थ'. तीन बावीसला बातमी गेली: युरोपविजेती इटली सलग दुसऱ्या विश्वचषकाला मुकली. 1958, 2018 आणि आता 2022. मागच्या वेळी स्वीडनने अडवलं होतं, त्या रात्रीही पाळी माझीच होती आणि इटलीचा गोलरक्षक बुफनच्या रडण्याचा फोटो मीच लावला होता. नोटिफिकेशन सोडलं, फोटो बदलला, होमपेजवर धोनीच्या खाली का होईना जागा मिळवली. साडेचारला गाडी काढली. रस्ता मोकळा होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

सहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला. आमचे कोल्हापूरचे क्रीडा वार्ताहर. वयाने मोठे, मी दादा म्हणतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की ते दुपारपासून फोन घेत नाहीत, आणि विश्वचषकाचं वर्ष असल्याने मार्चपासूनच त्यांच्या गल्लीत कुणाचा कटआउट किती फुटांचा यावर वाद सुरू होते.

"भावा, इटली कवा जिंकली रं?"

"हरली, दादा. मीच लिहिलंय."

"मग ह्ये आत्ता आलंय ते? 'मंगळवारी इटली-पोर्तुगाल.' आमी पोरं रातभर जागून मग बघितलं काय? तालमीतली सगळी हसायलीत. 'सहज पार करत' म्हनं!"

मी अंथरुणातच उठून बसलो. शेड्यूल. रात्री दोन सामने सांभाळले, एका आडनावावर तीन मिनिटं घालवली आणि शेड्यूलच्या यादीत एकदाही डोकावलो नव्हतो. वेबसाइट उघडली. वर माझीच बातमी, इटली बाहेर. तिच्याखाली दोन बोटांवर माझीच दुसरी बातमी, इटलीचा मंगळवारी पोर्तुगालशी सामना. नोटिफिकेशन गेलेलं. ते परत घेता येत नाही. लोकांच्या फोनवर जाऊन बसतं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन दुरुस्ती केली. हेडिंगमध्ये 'इटली'च्या जागी 'नॉर्थ मॅसेडोनिया', मग 'आजी-माजी युरोपविजेते' काढावं लागलं आणि बातमीची सगळी हवाच गेली. 'सहज' आधी उडवलं. दहा गटांची माहिती जशीच्या तशी राहिली. तेवढी बरोबर होती. लिंकमध्ये मात्र इंग्रजीत इटली-पोर्तुगाल तसंच राहिलं, ते बदललं असतं तर आधी गेलेल्या सगळ्या लिंक तुटल्या असत्या. शेवटी दोन ओळींचा खुलासा.

दुपारी सरांचा फोन. मी कान पाडून बसलो होतो. ते म्हणाले, "तो कागद जपून ठेव. चौकोनांचा. बाकी बोलू."

मंगळवारी पुन्हा माझीच पाळी. मधल्या रविवारी युरोपात घड्याळं उन्हाळी वेळेवर गेली होती, म्हणून सामना सव्वाबाराला. या वेळी दोन बातम्या तयार केल्या, शेड्यूल एकही नाही. एक पोर्तुगालची. दुसरी 'पुण्याहून छोटा देश कतारच्या विश्वचषकात', तिला मी जरा जास्तच जीव लावला होता. त्रायकोव्स्कीचं नाव पहिल्या ओळीत, स्पेलिंग तपासून. ब्रुनो फर्नांडिसने पहिला गोल केला तेव्हाही ती उघडी ठेवली होती. 65 व्या मिनिटाला त्यानेच दुसरा केला. 2-0.

पोर्तुगालची सोडली. दादांचा मेसेज आला, "आज बरूबर हाय."