दहा वर्षांनी यातली किती समुद्रावर असतील?

बरीच वर्षं नौदलांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एक गोष्ट सारखी खटकते. एखादा मध्यम आकाराचा देश नवीन युद्धनौका घेणार म्हटलं की सगळी चर्चा मिसाईल किती, रेंज किती, स्पीड किती यावरच चालते. मला विचाराल तर पहिला प्रश्न हा, की दहा वर्षांनी यातली किती जहाजं खरंच समुद्रावर असतील?

हिशोब साधा आहे. एक जहाज कायम ड्युटीवर हवं असेल तर साधारण तीन लागतात, एक बाहेर, एक ट्रेनिंगमध्ये किंवा येण्याजाण्यात आणि एक गोदीत रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला. न्यूझीलंडकडे अँझॅक क्लासच्या (म्हणजे एकाच डिझाइनच्या) दोनच फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, त्या अपग्रेडला कॅनडात गेल्या आणि काही काळ दोन्ही एकदमच तिथे होत्या, म्हणजे तेवढा काळ देशाकडे फ्रिगेट नाहीच. नॉर्वेकडे पाच होत्या, नोव्हेंबर २०१८ मध्ये हेल्गे इंगस्टाड एका टँकरला धडकून बुडाली, एका रात्रीत पाचातली एक कमी. म्हणून मी म्हणतो की थोडी कमी ताकदीची चालतील पण एकाच प्रकारची निदान चार तरी घ्या. प्रकार वाढले की स्पेअर पार्ट्स वेगळे, ट्रेनिंग वेगळं, आणि एका जहाजाचा माणूस दुसऱ्यावर लगेच कामाला येत नाही.

थायलंडचं चक्री नारुएबेत बघा. स्पेनमध्ये बांधलेली विमानवाहू नौका, १९९७ ला नौदलात आली आणि त्याच वर्षी आशियातलं आर्थिक संकट कोसळलं. मग ती बहुतेक वेळ बंदरातच, आणि तिच्यावरची हॅरियर विमानं २००६ पर्यंत निवृत्त झाली. दक्षिण आफ्रिकेचं जास्त वाईट वाटतं, कारण त्यांची निवड चुकली नव्हती, चार व्हॅलर क्लास फ्रिगेट आणि तीन टाइप २०९ पाणबुड्या, उत्तम जहाजं, पण नंतर देखभालीला पैसाच पुरला नाही आणि बरीचशी धक्क्यालाच बांधलेली राहिली. आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा लहान भाग असतो, मोठा भाग पगार, इंधन आणि दुरुस्तीचा.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा, हल, म्हणजे जहाजाचं मूळ धड, मोठा घ्या. लोकांना वाटतं लहान जहाज म्हणजे स्वस्त जहाज, पण स्टील त्यामानाने स्वस्त असतं, खरा पैसा रडार, सोनार, मिसाईल आणि कॉम्बॅट सिस्टीममध्ये (रडार नि शस्त्रं जोडणारी संगणक यंत्रणा) जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इथे अगदी तसंच आहे. लहान हलमध्ये सगळं कोंबून भरलं की पुढे काही वाढवायला जागा नाही, वीज पुरत नाही, खवळलेल्या समुद्रात हेलिकॉप्टर उतरवता येत नाही. डेन्मार्कने हे ओळखलं. इव्हर ह्युटफेल्ट क्लासच्या तीन फ्रिगेट, साडेसहा हजार टनांच्या आसपास, आणि जुन्या जहाजांवरच्या तोफा नि मिसाईल लाँचर काढून यांच्यावर बसवले, कारण त्यांची शस्त्रं काढता-बसवता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये बसवायची पद्धत आधीपासून होती. एवढ्या मोठ्या फ्रिगेट इतक्या कमी पैशात फारच थोड्यांना जमल्यात.

पण त्याच इव्हर ह्युटफेल्टचं मार्च २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात काय झालं तेही सांगायला हवं. येमेनच्या हुथी बंडखोरांचे ड्रोन येत होते आणि रडार व कॉम्बॅट सिस्टीमच्या जोडणीत बिघाड होऊन काही वेळ मिसाईल सुटतच नव्हती, तोफेचे बरेच गोळे लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच फुटत होते. जहाज वाचलं, ड्रोन पाडलेही. माझ्या मते यातून मोठा हल चुकीचा ठरत नाही, पण हल स्वस्तात मिळाला म्हणून वाचलेला पैसा टेस्टिंग आणि खऱ्या फायरिंगच्या सरावाला द्यायलाच हवा, तिथे कात्री लावायची नाही.

जागा ठेवून नंतर भरायची पद्धतही मला पटते. फिलिपिन्सने दक्षिण कोरियाकडून होसे रिसाल क्लासच्या दोन फ्रिगेट घेतल्या तेव्हा व्हर्टिकल लाँचरची (मिसाईल सरळ वर सोडणाऱ्या खणांची) जागा रिकामीच ठेवली होती. फक्त नंतरचा पैसा कुठून येणार हे आधी लिहून ठेवलेलं असावं, नाहीतर ती जागा रिकामीच राहते.

जुनी जहाजं घेण्यात कमीपणा नाही. चिलीने ब्रिटनच्या तीन टाइप २३, नेदरलँड्सच्या फ्रिगेट आणि २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या दोन ॲडलेड क्लास घेतल्या आणि त्या नीट चालवल्या, कारण चालवणारी माणसं आणि गोद्या त्यांच्याकडे होत्या.

पाणबुडीचा मोह मला कळतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या एकट्या सान लुईसने ब्रिटिश ताफ्याला आठवडेच्या आठवडे शोधायला लावलं, सापडली नाही ती. पण तिचे टॉर्पेडो चालले नाहीत, एकही लागला नाही. पाणबुडी शाखा उभी करायला अनेक वर्षं जातात, ती आधीपासून नसेल तर पैशाच्या टंचाईच्या काळात मी हात घालणार नाही.

माझ्या हातात असतं तर एकाच डिझाइनच्या चार मोठ्या फ्रिगेट, अर्धे लाँचर रिकामे, आणि मासेमारी, तस्करी, बचावकार्य या रोजच्या कामाला सहा-आठ साधी ऑफशोअर पेट्रोल व्हेसल, म्हणजे खुल्या समुद्रात गस्त घालणारी हलकी जहाजं. फ्रिगेटचे इंजिनाचे तास चोरांच्या होड्यांमागे घालवायला नकोत. आणि पहिल्याच करारात दहा वर्षांचे स्पेअर पार्ट्स, सिम्युलेटर आणि प्रत्येक जहाजामागे दीड क्रूचं, म्हणजे लागतात त्याच्या दीडपट माणसांचं ट्रेनिंग. एवढं बजेटमध्ये बसत नसेल तर चौथी फ्रिगेट पुढच्या पाच वर्षांवर ढकलेन, पण हे काढणार नाही.